हर्मिलाची साक्ष

लिबोरिओला मारलं तेव्हा कॉफीची तोडणी संपत आली होती. आमच्या सांता आगेदात त्या दिवसांत कुणाच्या अंगात त्राण उरत नाही आणि बाप्ये दुपारपासूनच मेस्कलची दारू घेऊन बसतात. कॉफी वाळवायच्या अंगणात लिबोरिओ आणि रुतिलो असेच बसले होते. लिबोरिओ म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, हर्मिलाचा, धाकटा भाऊ. रुतिलो तिचा जावई. दोघांच्या कॉफीच्या उतारांमधून एक झरा जातो. त्याचं पाणी आधी कुणाच्या टाकीत पडायचं, यावरून त्यांचं कित्येक वर्षं वाजत होतं. त्या दिवशीही तेच चाललं होतं. हर्मिला पलीकडे कॉफीची फळं धूत होती. रोजचंच भांडण, म्हणून तिनं मानही वर केली नव्हती. लिबोरिओ शिवी देऊन उठला आणि लघवीला म्हणून वळला. तेवढ्यात रुतिलोनं मागून त्याच्या मानेवर कोयता घातला.

आम्ही धावत गेलो तेव्हा हर्मिला भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिची शाल, झगा, हात सगळं लाल झालेलं. रुतिलो कोयता टाकून भिंतीशी उभा होता. घाव घालताना फक्त हर्मिलानं पाहिलं होतं.

पोलीस दोघांनाही घेऊन गेले. रुतिलोनं वाटेतच त्यांना स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं, की बापाच्या जमिनीवरून बहीणभावाची जुंपली होती, म्हातारीनंच घाव घातला, रक्त कुणाच्या अंगावर आहे ते बघा. हर्मिलाला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला स्पॅनिश येत नव्हतं. तेव्हा मलाही येत नव्हतं. आमच्या पिढीतल्या बायकांना कशाला येईल? आमच्यानंतरच्या पोरांना मात्र शाळेत आपली चातिनो बोली बोललं की वेताच्या छडीनं मारायचे, त्यामुळे ती स्पॅनिश शिकली, आणि आमची बोली त्यांच्या तोंडात सपाट होत गेली. शब्द तेच, पण सूर गेला. सूर गेल्यावर आमच्या भाषेत राहतं काय? नुसता कोंडा.

दोन्ही नीट येणारी गावात एकच होती. हर्मिलाची मुलगी सेलेरिना. लहानपणी ती जिल्ह्याच्या गावी नन्सच्या घरी कामाला होती. तिथे स्पॅनिश शिकली, आणि सुट्टीत घरी आली की आईला चिकटून बसायची, म्हणून सूरही टिकले. बाप्तिस्म्याला मीच तिला हातांवर धरलं होतं. मला मावशी म्हणते.

हर्मिलाला न्यायाधीशापुढे उभं केलं त्या दिवशी सेलेरिना आली होती, पाठीला तान्ही लेक नोएमी बांधून. हर्मिलाला जेवण पोचवायला मीही गेले होते, टॉर्टिया आणि घेवडा फडक्यात बांधून. खोली लहान, पंखा कुरकुरणारा. रुतिलोलाही बेड्या घालून एका बाजूला उभं केलं होतं. दुभाषी म्हणून त्यांनी नदीपलीकडच्या सान व्हिक्टोरिनोच्या नासारिओला बोलावलं होतं. म्हातारा भला माणूस. पण तो नदीपलीकडचा.

आमच्यात 'मी' आणि 'तो' सांगायला बहुतेक वेळा वेगळा शब्द लागत नाही. क्रियापद तेच, त्याचा सूर बदलतो. शेवट खाली सोडला की 'त्यानं', वर ओढला की 'मी'. पोरं हे दात यायच्या आधी शिकतात. पण नदीपलीकडे सूर उलटे पडतात. त्यांचा खालचा तो आमचा वरचा. त्यांच्या लग्नाला गेलो की आम्ही हसून लोळायचो. तिकडचा नवरदेव म्हणायचा, 'मी जेवलो', आम्हाला ऐकू यायचं 'तो जेवला', आणि आमची पोरं विचारायची, "कोण रे, तुझ्या बायकोचा तो दुसरा का?"

नासारिओनं विचारलं, "बाई, काय झालं ते सांगा."

हर्मिला जमिनीकडे बघत होती. "काय सांगू. बसले होते. प्यायले. मग मारलं. मागून मारलं, कोयत्यानं. मानेवर."

तिनं रुतिलोचं नाव घेतलं नाही. मेलेल्याचा नववा दिवस होईस्तोवर मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर मेलेल्याला वाट सापडत नाही, असं आमच्या गावात मानतात. लिबोरिओला पुरून जेमतेम चार दिवस झाले होते. पण नावाची गरजच काय होती? तिचा सूर खाली होता, विहिरीत दगड सोडावा तसा. मी स्वतःच्या कानांनी ऐकला. 'त्यानं.'

नासारिओ घुटमळला. त्यानं तिला परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं, त्याच सुरात. मग तो मागे वळला आणि सेलेरिनाला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारू लागला. सेलेरिनानं रुतिलोकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता, तिच्या पाठीवरच्या पोरीकडे बघत होता. सेलेरिना दोन-तीन शब्द बोलली. नासारिओनं ते न्यायाधीशाला सांगितले, आणि कोपऱ्यातली टाइप करणारी बाई खटखट करू लागली.

मला वाटलं, झालं, संपलं.

त्याच दुपारी रुतिलोच्या हातातल्या बेड्या काढून हर्मिलाच्या हातात घातल्या. तिला काही कळेना. ती शिपायाकडे बघून हसली, त्याची चूक झाली असं समजून. शिपाई तिला दाराकडे नेऊ लागला तेव्हा कुठे ती मुलीकडे वळली.

"सेले, ह्यांना सांग. चुकलंय काहीतरी. सांग ना, बाळ. तुला येतं ना त्यांचं."

सेलेरिनानं पाठीवरच्या पोरीचं फडकं घट्ट केलं. त्याची गाठ सुटलेली नव्हती.

परतताना ट्रकच्या हौद्यात आम्ही तिघं होतो. मी सेलेरिनाला विचारलं, "काय झालं गं? तिला का नेलं?"

"साहेबांनी काहीतरी उलटंच ऐकलं, मावशी. मी सांगून पाहिलं. ऐकत नाहीत."

रुतिलोनं वाटेत संत्री घेतली. सोलून एकेक फोड बायकोच्या तोंडात घालत होता. लग्न झाल्यापासून त्यानं असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

खरं मला कळलं ते पुढच्या पावसाळ्यात, जिल्ह्याच्या बाजारात. नासारिओ मिरच्या विकत बसला होता. मला ओळखून म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीचं फार वाईट झालं. पण तिनंच कबूल केलं, मी काय करणार?"

"काय कबूल केलं?"

"मी मारलं म्हणाली."

"ती 'त्यानं' म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली."

म्हाताऱ्यानं हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्याकडे तो सूर 'मी'चा. पण मला शंका आली होती, बाई. म्हणून तर तिच्या मुलीला विचारलं. म्हटलं, तुमच्या गावात याचा अर्थ काय, 'मी' की 'तो'? खरं सांग, तुझ्या आईच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आणि ती?"

"'मी' म्हणाली. आमच्यातही तसंच आहे, म्हणाली."

मी तशीच उठले आणि सरळ सेलेरिनाच्या घरी गेले. ती तव्यावर टॉर्टिया भाजत होती. मी दारातच सगळं बोलून टाकलं. तिनं नाकारलं नाही. टॉर्टिया उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली.

"त्याला नेलं असतं तर मी या पोरांना काय दिलं असतं, मावशी? दगड? आई तरी किती दिवसांची होती. तिकडे तिला दोन वेळचं मिळतं. इथे कधी मिळत होतं?"

"ती तुझी आई आहे."

"आणि हा माझा नवरा आहे. तुम्हाला नवरा नाही, तुम्हाला नाही कळायचं."

ती चिडून बोलली नाही. बाजारभाव सांगावा तशी बोलली. मग टोपली माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "घ्या, गरम आहे."

मी जिल्ह्याला एका वकिलाकडे गेले. शाळेतल्या पोराला स्पॅनिश बोलायला बरोबर नेलं होतं. वकील म्हणाला, तुमच्याच गावचा कुणीतरी आणा, ज्याला दोन्ही भाषा येतात. त्यानं कोर्टात सांगितलं, की या सुराचा अर्थ हा, तर बघता येईल. मी घरोघर फिरले. म्हाताऱ्यांना सूर कळत होते, पण स्पॅनिशमध्ये त्यांना नावापुढे काही सांगता येत नव्हतं. तरण्यांना स्पॅनिश येत होतं. त्यांना मी ओसरीवर बसवून दोन्ही सूर ऐकवले, खालचा आणि वरचा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "मावशी, दोन्ही सारखंच की." पोरगा खोटं बोलत नव्हता.

फिरून फिरून वाट सेलेरिनाच्याच दारात यायची. मी दोनदा गेले तिच्याकडे. दुसऱ्या वेळी तिनं दार उघडलं नाही.

हर्मिलाला बायकांच्या तुरुंगात ठेवलं होतं. बसनं एक अख्खा दिवस लागायचा. तिथे आमची बोली बोलणारं कुणी नव्हतं. ती दिवसभर पाट्यापुरत्या जागेत बसून आपल्याशीच बोलायची. झाडांची नावं, नवस, आईच्या शिव्या, कॉफी धुताना आम्ही बायका जे काय बडबडायचो ते सगळं. इतर बायका तिला पारवा म्हणायच्या. मी गेले तेव्हा एक जण जाळीमागून ओरडली, "ए पारवे, तुझी पारवीण आलीय बघ, घुमा आता दोघी मिळून." बाकीच्या हसल्या. हर्मिलाही हसली. तिला कळलं नव्हतं काय म्हणाल्या ते, मला तोवर थोडं कळू लागलं होतं.

"सेले का येत नाही गं, फाउस्ता?" ती विचारायची. "पोरं आजारी आहेत का?"

पहिल्या वेळी मी काहीतरी सांगून टाळलं. पुढे टाळवेना. मी तिला सांगितलं, नासारिओ बोलला ते आणि मग सेलेरिना बोलली ते, सगळं.

तिनं जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाली, "म्हणजे त्यानं तिला विचारलं होतं."

"हो."

"ती घाबरली असेल, बरोबर ऐकू आलं नसेल, असं मला वाटत होतं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "यंदा कॉफी कशी आहे?"

त्यानंतर तिनं सेलेरिनाचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नाही.

ती सुटून आली तेव्हा सगळी पांढरी झाली होती. घर तिच्याच नावावर होतं, ते रुतिलोनं वाढवलं होतं, वर पत्रे टाकले होते. दुसरीकडे जायला जागा नव्हती. ती सरळ आत गेली आणि मागच्या खोलीत आपली वळकटी ठेवली. नोएमी आता उंच, शिकलेली पोरगी झाली होती. आजीनं आपल्या सख्ख्या भावाला कोयत्यानं मारलं, हेच ती लहानपणापासून ऐकत आली होती. रात्री खोलीचं दार आतून लावून झोपायची. तिला आमची बोली येत नव्हती. गावात पोरांपैकी कुणालाच येत नव्हती. रुतिलो चर्चच्या जत्रेचा कारभारी झाला होता, वाटेत माणसं त्याला टोपी काढून नमस्कार करायची. सासूला बघून तो म्हणाला, "या, आई, बसा." आणि तिच्यापुढे खुर्ची ठेवली. ती बसली.

दोन वर्षांनी राजधानीतून हिमेना नावाची एक मुलगी आली. मरत चाललेल्या बोली गोळा करायचं तिचं काम. बरोबर आवाज घ्यायचं यंत्र होतं. ती आमच्या सगळ्यांकडे बसली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुमचेही सूर आता थोडे घसरलेत. पण त्या हर्मिला आजी! असं स्वच्छ बोलणं मी कुठेच ऐकलं नाही." मला कारण ठाऊक होतं. आम्ही इतकी वर्षं गावातल्या पोरांशी मोडकंतोडकं बोलत राहिलो. ती तेवढी वर्षं फक्त स्वतःशी बोलत होती. तिला बिघडवायला कुणी नव्हतं.

हिमेनाला दुभाषी हवा होता. एव्हाना मी बाजारात बसून बसून स्पॅनिश शिकले होते, मी तयार होते. पण हर्मिला म्हणाली, "माझी मुलगी सांगेल. तिला दोन्ही चांगलं येतं."

ओसरीवर सगळे बसले होते. हिमेना, हर्मिला, मध्ये सेलेरिना. मी पायरीवर. रुतिलो खुर्चीत, दोन पाहुणे बरोबर. नोएमी दाराला टेकून. हिमेनानं खाणं, चालणं, झोपणं असं एकेक विचारलं. मी खाल्लं, तू खाल्लंस, त्यानं खाल्लं. हर्मिला सांगायची, सेलेरिना स्पॅनिशमध्ये अर्थ सांगायची. मग हर्मिला म्हणाली, "आता मारण्याचं घे."

सेलेरिना बोलेना.

"तिला सांग, मारण्याचं घे म्हणून."

सेलेरिनानं सांगितलं. हिमेना खूश झाली, यंत्र जवळ सरकवलं. हर्मिलानं वरचा सूर लावला. "हा कुणाचा, सेले?"

"मी मारलं," सेलेरिना स्पॅनिशमध्ये म्हणाली.

हर्मिलानं खालचा लावला. "आणि हा?"

सेलेरिनाच्या ओठांवर घाम आला होता. "त्यानं मारलं."

"पुन्हा. पोरीला नीट ऐकू आलं नाही."

"त्यानं मारलं."

"पुन्हा."

हर्मिलानं तिच्याकडून ते किती वेळा म्हणवून घेतलं ते मी मोजलं नाही. सेलेरिनाचा आवाज बसला तरी ती थांबली नाही. एकदा तर हिमेनाच म्हणाली, "पुरे, आजी, आलं व्यवस्थित," पण ते आजीपर्यंत सेलेरिनानंच पोचवायचं होतं, आणि पोचवल्यावर हर्मिला म्हणाली, "पुन्हा." मग त्या शहरी पोरीनं भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे हा सूर कुणाला ओळखता आला नाही, तर 'त्यानं मारलं'चं 'मी मारलं' होईल?"

सेलेरिना शालीनं ओठ पुसत राहिली. म्हणून मी पायरीवरून स्पॅनिशमध्ये म्हणाले, "होतं. झालंय."

नोएमी दारापासून पुढे आली. तिनं आजीकडे पाहिलं, मग बापाकडे. रुतिलो पाहुण्यांना म्हणाला, "तुरुंगात डोकं फिरतं माणसाचं. चला, आत बसू." पाहुणे उठले. नोएमीनं आईला विचारलं, "कोर्टात आजी कोणता सूर बोलली होती?"

"घेवडा करपतोय," म्हणून सेलेरिना उठली. चुलीवर काही नव्हतं.

नोएमी महिन्याच्या आत उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला निघून गेली, आमची कितीतरी पोरं जातात तशी. जाताना आजीच्या हातावर कपाळ टेकवलं. दोघींना एकमेकींचं काही बोलता येत नव्हतं. आईबापाला न भेटता गेली. पुन्हा तिचा फोनही नाही.

पोरगी गेल्यावर एका सकाळी सेलेरिना आईसमोर गुडघ्यांवर बसली. हर्मिला मका सोलत होती, मी तिच्याबरोबर. सेलेरिना आमच्या बोलीत बोलली, इतकं स्वच्छ, की मला लहानपणची सेले आठवली. "आई, मला शिव्या दे. मार. पण काहीतरी बोल माझ्याशी."

हर्मिलानं कणीस खाली ठेवलं. तुरुंगात शिकलेल्या चार शब्दांच्या स्पॅनिशमध्ये ती म्हणाली, "माफ करा, बाई. मला ती भाषा येत नाही."

सेलेरिनाला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा हाक मारली. हर्मिला पुन्हा तेच म्हणाली, परक्या बाईशी बोलतात तशा अदबीनं. मग कणीस उचललं आणि माझ्याशी आमच्या बोलीत किड्यांबद्दल बोलू लागली, मक्याला यंदा फार कीड लागली म्हणून.

मरेपर्यंत ती तशीच वागली. छाती भरली आणि अंथरुणाला खिळली तेव्हा सेलेरिनाच तिचं सगळं करायची. कूस बदलायची, अंग पुसायची, मक्याची पेज चमच्यानं भरवायची. प्रत्येक वेळी हर्मिला म्हणायची, "उपकार झाले, बाई," स्पॅनिशमध्ये, दवाखान्यातल्या नर्सला म्हणावं तसं. मी गेले की आम्ही दोघी बोलायचो. सेलेरिना उंबऱ्याबाहेर येऊन बसायची, नुसतं ऐकायला. तिची सावली दिसली की हर्मिला वाक्य अर्ध्यात सोडून गप्प व्हायची. मी एकदा म्हटलं, "पुरे कर गं आता. मरायला टेकलीस." ती म्हणाली, "तिला अर्थ सांगता येतो ना? सांगू दे की स्वतःला." आणि भिंतीकडे वळली.

तिला लिबोरिओच्या शेजारी पुरलं. रुतिलोनं खांदा दिला. तो अजून आहे, जाडजूड झालाय, ओसरीवर बसतो. नासारिओ गेला. माझ्या वयाच्या बायकाही एकेक करून गेल्या. आता सूर ऐकू येणारी या गावात मी आहे आणि सेलेरिना आहे.

ती संध्याकाळी माझ्याकडे येते. पहिले कित्येक दिवस मी दार उघडलं नाही. बाहेरच बसायची, मग उठून जायची. दिवसच्या दिवस माझ्या तोंडून आमच्या बोलीतला एक शब्द निघायचा नाही, कोंबड्यांना हाकलण्याखेरीज. एकदा मी कोंबडीला काहीतरी म्हणाले, आणि बाहेरून तिनं उत्तर दिलं. बरोबर सुरात. आवाज अगदी हर्मिलाचा.

मी दार उघडलं. आता रोज येते. आम्ही बोलतो, पावसाचं, कॉफीचं, कुणाच्या डुकरानं कुणाचं शेत खाल्लं त्याचं. तिच्या आईचं नाव मी काढत नाही, तीही काढत नाही. अंधार पडायला लागला की ती उठते आणि म्हणते, "येते मावशी, तो जेवायला थांबला असेल."